घरचा सराव चौथ्या दिवशी का बंद पडतो? स्ट्रोकनंतर सरावाची सूत्रं माणसाच्या हाती देताना (एक चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

चिमटी

घरी जाताना व्यायामाचा कागद हातात दिला जातो. बारा चित्रं, प्रत्येकासमोर "१० वेळा, दिवसातून ३ वेळा". दोन-तीन दिवस उत्साहाने होतं, चौथ्या दिवशी कागद भिंतीवर नुसता लटकलेला. मग फाइलमध्ये शेरा पडतो: "रुग्ण सहकार्य करत नाही." हा शेरा अन्यायाचा आहे.

कागदावर हालचाली असतात, पण त्या चालवायला लागणारे निर्णय नसतात. आज यातलं काय करू? वस्तू कुठे ठेवू? झालं ते बरोबर की चूक? सोपं जातंय, आता काय वाढवू? दुखतंय, थांबू का? दवाखान्यात हे पाचही निर्णय ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, घेते आणि माणूस सांगितल्यासारखा हात हलवतो. घरी ओटी नसते, आणि निर्णय घ्यायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

आकडेही तेच सांगतात. कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या उपचारसत्रांची प्रत्यक्ष मोजणी करून २००९ मध्ये ती प्रसिद्ध केली. ज्या सत्रांत हाताचा कामाशी निगडित सराव झाला, तिथे सरासरी ३२ आवर्तनं भरली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले ते शेकड्यांनी आवर्तनं झाल्यावर. ब्रिटन-आयर्लंडची २०२३ ची मार्गदर्शिका हालचाल परत यावी म्हणून दिवसाला किमान ३ तास, आठवड्यातून किमान ५ दिवस उपचार सांगते. एवढा वेळ कुठलीच ओटी एकटी देऊ शकत नाही. म्हणजे सरावाचा मोठा भाग ती समोर नसतानाच व्हायचा आहे.

तर, घरी गेल्यावर ठरवायचं कसं हे तुम्ही नेमकं कसं शिकवता? तत्त्वं माहीत आहेत, कृती लिहा.

सरावपाटी

मी ध्येयापासून सुरुवात करेन, कारण बहुतेक कागद तिथेच फसतात. "हात सुधारायचा आहे" यावरून उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. त्यासाठी कॅनडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर, म्हणजे सीओपीएम, चांगलं हत्यार आहे. माणूस स्वतः अडलेली कामं सांगतो, प्रत्येक किती महत्त्वाचं ते १ ते १० मध्ये सांगतो, आणि निवडलेल्या जास्तीत जास्त पाच कामांना दोन आकडे देतो: किती जमतं आणि त्याबद्दल किती समाधान आहे. पुन्हा विचारताना २ किंवा जास्त गुणांचा फरक आला तर तो खरा बदल धरतात.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे ओटी मनात आधीच यादी घेऊन बसते. अंघोळ, कपडे, जेवण. समोरच्याला मात्र नातवाला दोन्ही हातांनी उचलायचं असतं किंवा सही पूर्वीसारखी यायला हवी असते. ते आलं तर तेच घ्यायचं, आणि त्याच्या आत कुठल्या हालचाली लपल्यात ते आपण शोधायचं.

काम ठरलं की ते आठवड्यात मोजता येईल इतकं बारीक करायचं. "पेला उचलणे" पुरेसं नाही. "बसून, टेबलावरचा रिकामा पेला दुबळ्या हाताने धरून २० सेंटिमीटर पुढे ठेवणे, १० पैकी ८ वेळा न पाडता" हे चालेल.

मग एक प्रश्न: "हे या आठवड्यात रोज कराल याची ० ते १० मध्ये किती खात्री वाटते?" उत्तर ७ च्या खाली आलं तर काम लहान करायचं, माणसाला समजावत बसायचं नाही. "५" असं उत्तर आलं तर पुढे विचारायचं, "७ व्हायला काय बदलावं लागेल?" बहुतेक वेळा उत्तर अगदी साधं निघतं: खुर्ची उंच हवी, सकाळची वेळ नको, आवर्तनं निम्मी करा.

शेवटी वेळ नव्हे तर खूण ठरवायची. "रोज ११ वाजता" हे विसरतं. "चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला की लगेच टेबलापाशी बसायचं" हे टिकतं, कारण आधीच चालू असलेल्या सवयीला ते जोडलेलं असतं. हे वाक्य माणसाने स्वतःच्या तोंडाने म्हणावं, जमत असेल तर स्वतः लिहावं.

काठी

एक छोटा प्रश्न. किती कामं द्यायची? बारा नको हे पटलं.

सरावपाटी

तीन. एक आत्ताच बऱ्यापैकी जमणारं, एक अर्धवट जमणारं, आणि एक जे रोजच्या दिवसातच कुठेतरी होतं, वेगळं बसून करावं लागत नाही. पहिल्याने हुरूप टिकतो, दुसऱ्याने शिकणं होतं, तिसऱ्याने हात वापरात राहतो. स्मरणशक्ती किंवा लक्ष कमी असेल तर एकच.

चिमटी

पेल्याचंच उदाहरण पुढे नेते, म्हणजे पाच निर्णय कसे सोपवायचे ते दिसेल.

मांडणी: हात नसलेली, न फिरणारी खुर्ची. तळवे पूर्ण जमिनीवर, गुडघे साधारण काटकोनात. टेबल कोपराच्या उंचीला किंवा किंचित खाली. टेबल उंच असेल तर खांदा आपोआप कानाकडे चढतो, आणि मग माणूस दिवसभर चुकीचीच हालचाल घोटतो. टेबलावर रंगीत चिकटपट्टीच्या दोन खुणा: एक पेल्याच्या सुरुवातीच्या जागी, दुसरी पोचायच्या जागी. प्लास्टिकचा, मुठीत मावणारा पेला, आधी रिकामा. खाली न सरकणारी रबरी चटई.

मोजणी: डोक्यात मोजायला लावू नये. स्ट्रोकनंतर हालचाल आणि आकडे एकदम सांभाळणं जड जातं. चांगल्या हाताच्या बाजूला दोन वाट्या ठेवायच्या, एकीत २० मणी. प्रत्येक प्रयत्नाला एक मणी पलीकडे. प्रयत्न चांगला झाला तर मणी वाटीत, बिघडला तर वाटीबाहेर टेबलावर. शेवटी नजर टाकली की निकाल समोर.

बरोबर-चूक: हे माणसालाच कळायला हवं, म्हणून खूण शरीराला लावायची. पाठ आणि खुर्ची यांच्यात घडी केलेला हातरुमाल ठेवायचा. पेल्याकडे जाताना तो खाली पडला तर हाताऐवजी धड पुढे गेलं. दुसरी खूण आरशात: खांदा आणि कान यांच्यातलं अंतर कमी झालं का? तिसरी पेल्यावर: प्लास्टिक चेपलं का? बोटांची टोकं पांढरी पडतात तेव्हा पकड गरजेपेक्षा जास्त असते. सोडताना पेला बोटांना चिकटल्यासारखा उचलला जात असेल तर अडचण सोडण्यात आहे. तेव्हा आणखी पकडण्याचा सराव देऊन उपयोग नाही. पेल्याऐवजी जाड, उभं, जड बूड असलेलं काही घ्यावं आणि हात टेबलावर टेकवून बोटं सैल होईपर्यंत थांबावं.

वाढवणं-घटवणं: ढोबळ नियम असा. १० पैकी ८ किंवा जास्त स्वच्छ झाले, तेही लागोपाठ दोन दिवस, तर एक पायरी वर. ५ किंवा कमी झाले तर एक पायरी खाली. मधले असतील तर तिथेच राहायचं, ते शिकण्याचं ठिकाण आहे. पायरी म्हणजे एका वेळी एकच बदल: अंतर ५ सेंटिमीटरने वाढवा, किंवा पेल्यात पाव भाग पाणी घाला, किंवा पोचायची जागा पुस्तकावर उंच करा, किंवा पेला बारीक घ्या. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही. या पायऱ्या पहिल्या भेटीत ओटीने करून दाखवाव्यात, दुसऱ्या भेटीत माणसालाच विचारावं, "आता काय बदलाल?", आणि त्याने चुकीची पायरी निवडली तरी धोका नसेल तर करू द्यावी. पाच प्रयत्नांत त्यालाच कळतं.

डावाउजवा

मांडणीबद्दल सहमत. पण आवर्तनांच्या आकड्याला देव करू नका. लँगच्याच गटाने २०१६ मध्ये स्ट्रोकला सहा महिने उलटून गेलेल्या लोकांत ३२००, ६४०० आणि ९६०० आवर्तनांचे गट तपासले. जास्त आवर्तनं केलेल्यांना त्या प्रमाणात जास्त फायदा दिसला नाही. फार कमी सराव निरुपयोगी, इतपत ठीक. पण "आज ३०० झाले" एवढ्यावर खूश होऊन दिवसाच्या उरलेल्या वेळात तो हात मांडीवर पडून असेल तर काय मिळवलं?

माझ्या मते ओटीने खरा जोर इथे लावावा: टेबलावरचं कौशल्य दिवसात उतरवणं. सुरुवातीला हात चालतच नव्हता, प्रयत्न फसले, माणसाने चांगल्या हातावर भागवलं. नंतर ताकद आली तरी वापर परत येत नाही. एडवर्ड टॉब यांनी याच "शिकलेल्या न-वापरा"वर चांगला हात बांधून ठेवण्याची पद्धत उभी केली, सीआयएमटी. तिच्यात लोकांना फक्त चांगल्या हातावरचा हातमोजा आठवतो. पण तिचा अर्धा जीव घरच्या वापराच्या करारात आहे: कुठली कामं दुबळ्या हाताने, कुठली दोन्हींनी, कुठली मुळीच नाहीत, हे लिहून सही करायची आणि रोज नोंद ठेवायची.

नोंदीसाठी मोटर ॲक्टिव्हिटी लॉगचा धागा पकडता येतो. त्यात रोजच्या ३० कामांना ० ते ५ गुण आहेत, म्हणजे अजिबात वापरला नाही इथपासून पूर्वीइतकाच वापरला इथपर्यंत. ३० नको, सहा निवडा: दिव्याचं बटण, नळ, दार ढकलणं, टॉवेल, चष्मा, फोन उचलणं. रात्री दोन मिनिटांत गुण द्यायचे. ज्या कामाला आठवडाभर ० आहे त्यावर पुढच्या भेटीत बोलायचं.

काठी

मग घरी स्वतःच हातमोजा घालून चांगला हात बांधला तर?

डावाउजवा

ओटीने तपासल्याशिवाय नाही. मूळ अभ्यासांत प्रवेशाची अट होती: मनगट स्वतःहून किमान २० अंश आणि बोटं किमान १० अंश वर उचलता आली पाहिजेत. एवढंही नसेल तर हात बांधल्याने फक्त चिडचिड पदरात पडते. मूळ पद्धतीत जागेपणीचा ९० टक्के वेळ हातमोजा घालायचा आणि दोन आठवडे रोज सहा तासांपर्यंत सराव. घरी हे झेपत नाही. सौम्य रूपात आठवड्यातून तीन दिवस अर्ध्या तासाचं सत्र, आठवड्यातले पाच दिवस रोज पाच तास हातमोजा, असं दहा आठवडे चालतं.

मोजा कधी काढायचा याची यादी आधी, सराव नंतर. जिना, चालताना काठी किंवा कठडा धरायचा असेल तेव्हा, ओली जमीन, गरम पाणी, विस्तव, सुरी, संडासला जाणं. मोजा स्वतःचा स्वतःला झटकन काढता यायलाच हवा. म्हणून बंद वेल्क्रोचा. गाठ मारायची नाही.

घरचंमाणूस

सांभाळणाऱ्यांच्या बाजूने विचारतो. घरच्यांना दोन टोकांचे सल्ले मिळतात: "त्यांच्याकडून करून घ्या" आणि "त्यांना स्वतः करू द्या". शर्टाचं एक बटण लावायला दहा मिनिटं लागतात आणि समोर बसलेल्याचा हात आपोआप पुढे जातो. त्या दहा मिनिटांत घरच्यांनी करायचं काय?

सरावपाटी

फार बरं झालं विचारलंत. घरच्यांना "मदत करू नका" सांगणं क्रूर आहे आणि चालतही नाही. त्यांना दुसरं काम द्यायला हवं.

ते काम म्हणजे विचारणं. सीओ-ओपी नावाची पद्धत आहे, हेलेन पोलाताज्को आणि सहकाऱ्यांनी कॅनडात आधी मुलांसाठी बांधली, नंतर स्ट्रोकसाठीही वापरात आली. तिचा कणा चार शब्दांचा: ध्येय, आखणी, कृती, तपासणी. उत्तर सांगायचं नाही, त्याच्याकडून काढून घ्यायचं. बटणाचं बघा, उजवा हात दुबळा आहे:

"काय करायचंय?" – "वरून दुसरं बटण."
"कसं करणार?" – "उजव्या हाताने काज धरतो, डाव्याने बटण ढकलतो."
करून पाहिलं, कापड सुटलं.
"काय झालं?" – "कापड निसटतंय."
"कुठे निसटलं?" – "बटण वर आलं तेव्हा. तोवर धरलेलं होतं."
"मग काय बदलाल?" – "खालच्या बटणापासून सुरू करतो. तिथे दिसतं आणि हात टेबलावर टेकतो."

"खालून सुरू करा" हे ओटी पहिल्याच मिनिटाला सांगू शकली असती. पण मग पुढच्या आठवड्यात चेन अडली की तो पुन्हा तिची वाट बघत बसला असता. "दिसेल तिथे काम आण, हात टेकव" हा शोध त्याचा असला की तो चेनला, पाकिटाला, चपलेच्या पट्ट्यालाही लागू करतो.

घरच्यांसाठी तीन सूचना लिहून द्याव्यात. पहिली: अडलं की मनात दहा आकडे मोजा, मग फक्त "कुठे अडलं?" विचारा. दुसरी: मदत केलीच तर सगळं काम हातात घेऊ नका, अडलेला एक टप्पा पार करून द्या आणि पुढचं त्यांना करू द्या. तिसरी: घाईच्या वेळी सराव नाही. बाहेर निघायचं असेल तर सरळ बटणं लावून द्या, त्यात काही बिघडत नाही. सरावाची बटणं संध्याकाळी.

खांदा_जपा

या सगळ्यात खांदा राहिला. घरच्या सरावात सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं, आणि मग दुखण्यामुळे बाकीचा सरावही थांबतो.

स्ट्रोकनंतर खांद्याभोवतीचे स्नायू ढिले असतात, हाताचं वजन सांध्याला खाली ओढतं. अशा खांद्याला वरून टांगलेल्या कप्पीच्या दोरीने खेचणं टाळाच. चांगला हात जोराने ओढतो आणि दुबळा खांदा वळायचं तसा न वळता वर जातो, मऊ भाग हाडांत चिमटतो. दोन्ही हातांची बोटं गुंफून डोक्यावर नेण्याचा व्यायामही सर्रास दिला जातो, त्याचाही धोका हाच. दुसऱ्याने हात उचलून द्यायचा असेल तर ९० अंशांच्या वर नेऊ नये. पाठीचा फरा वर फिरतोय आणि दंड बाहेरच्या बाजूला वळलाय हे बघणारं शिकलेलं माणूस असेल तरच पुढे.

उठवताना हात किंवा काख धरून ओढायचं नाही. आधार फऱ्यावर आणि कमरेवर. बसल्यावर हात लोंबकळत ठेवायचा नाही; मांडीवर उशी, उशीवर कोपरापासून बोटांपर्यंत हात. कपडे घालताना दुबळा हात आधी, काढताना शेवटी.

दुखण्याचा नियम माणसाला असा द्यावा: ओढ बसल्यासारखं वाटलं आणि थांबल्यावर लगेच गेलं तर चालेल. टोचलं, सणक आली, किंवा रात्री त्या बाजूला झोपता आलं नाही तर ती हालचाल बंद, बाकीची दोन कामं चालू, आणि ओटीला फोन. हाताचा पंजा सुजला, चकाकायला लागला, स्पर्शही सहन होईना, तर पुढच्या भेटीची वाट बघू नये.

काठी

हात मुळीच हलत नसेल त्यांच्यासाठी या पायऱ्यांचं काय? त्यांच्या हातात तर निर्णयही उरत नाही असं वाटतं.

चिमटी

उरतो. तिथे निर्णय "कसा हलवू" हा नसून "कुठे ठेवू, कधी कामाला लावू" हा असतो. न हलणारा हात वजन म्हणून वापरता येतो: लिहिताना कागदावर, टॉवेलची घडी घालताना एका टोकावर, वही उघडी ठेवायला. प्रत्येक वेळी चांगल्या हाताने तो उचलून जागेवर ठेवायचा आणि नजर त्यावर न्यायची.

सोबत आरसा. १९९९ मध्ये आल्टशुलर आणि सहकाऱ्यांनी स्ट्रोकसाठी आरशाचा वापर पहिल्यांदा मांडला. २०१८ च्या कॉक्रन आढाव्यातही (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा आढावा) हालचालीला आणि रोजच्या कामांना मदत होते असंच दिसलं. साधारण अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे. आरसा छातीच्या मध्यरेषेत उभा, दुबळा हात पूर्ण मागे झाकलेला, चांगल्या हाताचं प्रतिबिंब बरोबर दुबळ्या हाताच्या जागी दिसेल असा. अंगठी, घड्याळ, बांगडी काढायची, नाहीतर "हा माझा तो हात नाही" हे मेंदूला लगेच कळतं. हालचाली हळू: मूठ उघड-मीट, मनगट वर-खाली, तळवा पालथा-उताणा. मागचा हातही मनातून तसाच हलवायचा प्रयत्न करायचा. नेहमी बिघडतं ते दोन ठिकाणी: आरसा लहान पडल्याने हात काठाबाहेर जातो, किंवा माणूस आरशाऐवजी चांगल्या हाताकडे बघत राहतो. दुसऱ्या अडचणीसाठी चांगला हात झाकेल असा पुठ्ठा लावा, जेणेकरून नजरेला फक्त प्रतिबिंब मिळेल. गरगरलं किंवा मळमळलं तर पाच मिनिटांवर या.

सरावपाटी

आणि ज्यांना बोलणं, लक्ष किंवा एका बाजूचं भान गेलंय त्यांचा विचार आधीच करावा, कारण "स्वतःचं स्वतः" म्हणताना हेच लोक मागे पडतात.

वाचाघात (स्ट्रोकमुळे बोलणं, समजणं, वाचणं बिघडणं) असेल तर लिहिलेल्या सूचना वाया जातात. त्या माणसाच्याच टेबलाचे, त्याच्याच हाताचे फोटो काढा, पानावर एकच फोटो. "कळलं का?" विचारलं की मान हलतेच, त्यावर विसंबू नका. "करून दाखवा" म्हणा. बोलता आलं नाही तरी मण्यांच्या वाट्या सगळ्यांना चालतात, आणि १० गुणांची मोजपट्टी रंगांच्या पट्टीने दाखवता येते.

डाव्या बाजूचं भान नसेल तर सामान उजवीकडे मांडून सराव सोपा करणं हा सापळा आहे. टेबलाच्या डाव्या काठावर जाड लाल पट्टी लावा. प्रत्येक आवर्तनाआधी नजर लाल पट्टीला लावून यायची, मग काम. वाट्यांपैकी एक मुद्दाम डावीकडे, सुरुवातीला मध्याच्या थोडीच पलीकडे, जमेल तसतशी दूर.

आपल्याला काय जमत नाही याची जाणीवच कमी असेल तर सांगून पटत नाही. आधी अंदाज, नंतर निकाल: "दहापैकी किती जमतील?" – "नऊ." झाले चार. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे, टिप्पणी करायची नाही. काही दिवसांत अंदाज खाली यायला लागतो. तोवर अशा माणसाला एकट्याने उभं राहून करायचा सराव देऊ नये.

डावाउजवा

थकव्याबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं. हा थकवा झोपेने भरून निघत नाही आणि बाहेरून दिसत नाही. एक तास सलग देण्यापेक्षा १५ मिनिटांचे चार तुकडे. प्रत्येक तुकड्याआधी आणि नंतर ० ते १० मध्ये उरलेली ताकद लिहायची. आधी ४ च्या खाली असेल तर सोपं काम घ्या. नंतर ३ पेक्षा जास्त पडली तर पुढचा तुकडा निम्मा. आठवड्याची नोंद बघितली की बहुतेकांचा एक चांगला पहर सापडतो, अवघड काम तिथे हलवायचं. "बरं वाटतंय म्हणून दुप्पट केलं" आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात, हे चक्र नोंदीत स्पष्ट दिसतं. दिसलं की माणूस स्वतःच आवर घालतो.

सराव टाळण्यामागे नैराश्य आहे का हेही बघा. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला ते कधी ना कधी गाठतं. दोन आठवडे कशातच रस नाही, झोप-भूक बिघडली, "आता काय उपयोग" असं बोलणं येतंय, तर पायऱ्या बदलून काही होणार नाही. डॉक्टरांकडे पाठवावं.

आणि हे सगळं स्थिर झालेल्या माणसासाठी आहे. पहिल्या २४ तासांत जास्त वेळ, वारंवार उठवण्याने परिणाम उलट वाईट आले, हे २०१५ च्या अव्हर्ट चाचणीने दाखवलं आहे. उत्साही घरच्यांना हे आधीच सांगितलेलं बरं.

चिमटी

मग ओटीने किती मागे सरायचं? वेळापत्रक साधं ठेवा. पहिला फोन तिसऱ्या दिवशी, कारण मोडायचं ते तेव्हाच मोडायला लागतं. मग सातवा दिवस, दुसरा आठवडा, चौथा आठवडा. फोनवर "करताय ना?" विचारू नका, उत्तर "हो" येतं आणि संभाषण संपतं. विचारा: "वाटीबाहेर किती मणी होते? कुठल्या प्रयत्नानंतर बिघडायला लागलं? तुम्ही काय बदलून पाहिलं?" तिसऱ्या प्रश्नाला उत्तर येऊ लागलं की निर्णय हलला असं समजा. तोवर सूचना आपल्या, त्यानंतर त्याच्या.

कॅनडातल्या ग्रास्प कार्यक्रमाचा २००९ चा अभ्यास याच बाबतीत शिकण्यासारखा आहे. रुग्णालयात असलेल्या लोकांना सामानाची पेटी आणि पुस्तिका दिली, रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस, चार आठवडे सराव त्यांनी स्वतः केला, थेरपिस्टने अधूनमधून पाहून पायऱ्या ठरवल्या. हाताची कामगिरी तुलनेच्या गटापेक्षा चांगली झाली. सामान साधंच होतं. पण सामान, पुस्तिका, नोंद आणि तपासणी एकत्र होती, आणि शक्य तिथे घरच्यांना आधीच सामील केलं होतं. त्यातली नुसती पुस्तिका उचलली की ती आपल्या बारा चित्रांसारखीच होते.

घरचंमाणूस

शेवटचं. ताप-खोकला येऊन आठवडाभर सराव तुटला, मग पुन्हा बसल्यावर पूर्वीचं काहीच जमत नाही आणि माणूस खचतो. अशा वेळी?

खांदा_जपा

ही सूचना सराव सुरू होण्याआधीच लिहून द्यावी, खंड पडल्यावर नव्हे. "तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर दोन पायऱ्या खाली या, मणी निम्मे घ्या, तीन दिवस तिथेच राहा, मग नेहमीचा नियम." तापात आणि थकव्यात ताठरपणा वाढतो, बोटं उघडायला वेळ लागतो, ताप उतरला की तो बहुतेक पुन्हा कमी होतो. हे आधी माहीत असेल तर माणूस घाबरत नाही.

फक्त एक भेद घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. खंडानंतर हळूहळू जड झालेला हात वेगळा, आणि अचानक, काही मिनिटांत गळालेला हात वेगळा. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्याने दिसेनासं होणं, अचानक तोल जाणं, यातलं काहीही सरावादरम्यान किंवा एरवी झालं तर "खंड पडलाय म्हणून असेल" असं म्हणत बसायचं नाही. वेळ बघून ठेवा, खायला-प्यायला किंवा गोळी देऊ नका, आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा.